मोटारीच्या पोटातली मोटार

दिवाळीला धर्मापुरीस जायचे, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता आहे. बीड जिल्ह्यातले हे गाव तसे आडबाजूचे. केदारेश्वराचे कोरीव दगडी देऊळ आणि जुना किल्ला यांमुळे अभ्यासकांना त्याचे नाव ठाऊक असते. आम्हाला ते ठाऊक आहे थोरल्या वहिनींच्या अनारशांमुळे. मागच्या दिवाळीत मात्र या गावाने आम्हाला एक निराळाच धडा दिला. तो होता पेट्रोलच्या पंपाचा!

त्याचे झाले असे. आमचा पुतण्या पुण्याला नोकरी करतो. त्याला वेगवान मोटारींचे वेड आहे. त्याने एक टर्बो पेट्रोल मोटार जुनी म्हणून विकत घेतली आणि मग दोन वर्षे तिच्यावर पगार ओतला. मोठा टर्बो बसवला, इंजिनाच्या संगणकात फेरफार करून घेतले, आणि मुळात दीडशे अश्वशक्तीची ती गाडी सुमारे दोनशे चाळीस अश्वशक्तीवर नेऊन ठेवली. "काका, आता हिला पंपही हाय-फ्लो बसवलाय," असे त्याने निघताना अभिमानाने सांगितले. मी मान डोलावली. मला वाटले, काहीतरी चांगलेच असणार.

बीड मागे पडले आणि मांजरसुंब्याचा घाट सुरू झाला. दुपारची वेळ, ऊन चांगलेच तापलेले, टाकीत पेट्रोल जेमतेम पाव. गाडीत पुढे आम्ही दोघे, मागे आमची मंडळी, सूनबाई आणि चार वर्षांची नात. पुढे एक मालट्रक कूर्मगतीने चढत होता. रस्ता मोकळा दिसला तसा पुतण्याने पाय दाबला. गाडी बाणासारखी सुटली आणि ट्रकच्या बरोबरीला येताच एकदम मेली. म्हणजे बंद पडली नाही. पण कुणी मागून धरून ओढावे तशी अडखळू लागली. समोरच्या वळणावरून एस. टी. येताना दिसली. त्याने पटकन पाय काढला, ब्रेक लावला आणि गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेतली. एस. टी. शेजारून निघून गेली. गाडीत पाच मिनिटे कुणी बोलले नाही. मग नातीने विचारले, "बाबा, गाडीला भूक लागली का?"

पोरीचे निदान अगदी अचूक होते. इंजिन उपाशी राहिले होते.

मिस्त्रींचे तीन प्रश्न

केज, अंबाजोगाई करीत आम्ही हळूहळू धर्मापुरीला पोचलो. रात्री पुतण्या फोनवर आणखी मोठा पंप शोधीत बसला. खोक्यावर आकडा होता : ताशी ४५० लिटर. सध्याचा २५५ चा. "हाच मागवतो, म्हणजे कटकट मिटली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी आपल्या ओळखीच्या एका मिस्त्रींना बोलावले. हे गृहस्थ बोअरच्या आणि विहिरीच्या मोटारी भरून देतात. पेट्रोलच्या गाडीशी त्यांचा संबंध नाही. पण 'पंप म्हटला की मिस्त्री' असा दादांचा साधा हिशेब. पुतण्याने त्यांना फोनवरचे चित्र दाखवले.

"हे साडेचारशे कुठं मोजलंय?" मिस्त्रींनी विचारले. "बोअरच्या तोंडाशी, का वरच्या टाकीत पडताना?"

पुतण्या गप्प.

"हे बघा साहेब, गिऱ्हाईक येतं अन् म्हणतं, लई पाणी फेकणारी मोटार द्या. मी त्याला तीनच गोष्टी विचारतो. पाणी किती पाहिजे? किती फुटावर चढवायचं? अन् तुमच्याकडं व्होल्टेज किती येतंय? हे तीन सांगा, मग मोटार मी सांगतो. त्याच्याआधी सांगंल तो मिस्त्री नव्हं, दुकानदार."

वाचकहो, मी त्यानंतर या विषयावर पुष्कळ वाचले, जाणकारांना विचारले. पण या तीन प्रश्नांच्या बाहेरचे फारसे काही मला सापडले नाही. वेगवान गाडीचा पंप निवडणे म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरे मिळवणे, आणि मग त्या उत्तरांशी प्रामाणिक राहणे!

पंप टाकीत का बसवतात?

जुन्या मोटारींना कार्बुरेटर असे. त्याला पेट्रोल पुरवणारा पंप इंजिनालाच चिकटलेला असे. त्याच्या आत एक पडदा वरखाली होई आणि टाकीतले पेट्रोल ओढून आणी. दाब अगदी थोडा, पाव-अर्धा बार. कडक उन्हात नळीतल्या पेट्रोलची वाफ होई आणि गाडी रस्त्यातच बसे. मग लोक पंपावर ओले फडके टाकून थांबत. हा अनुभव आपल्या वडील मंडळींपैकी अनेकांनी घेतला असेल.

पुढे इंजेक्शनचे युग आले. बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पद्धत १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत आली. आपल्याकडे ही पद्धत घरोघरच्या गाड्यांत पोचायला शतकाची अखेर उजाडली. इंजेक्शनला पेट्रोल सुमारे तीन बार दाबाने लागते. एवढा दाब द्यायचा तर विजेचा पंप हवा, आणि तो टाकीतच बुडवून ठेवणे सगळ्यांत चांगले. कारण पंप ढकलण्यात हुशार असतो, ओढण्यात कच्चा. शिवाय भोवतीचे पेट्रोल त्याला थंड ठेवते आणि आतून वाहणारे पेट्रोल त्याचे वंगण होते. हुबेहूब आपल्या बोअरमधल्या सबमर्सिबल मोटारीसारखे! मराठवाड्यात पंपालाच 'मोटार' म्हणतात. म्हणून मी म्हणतो, ही मोटारीच्या पोटातली मोटार.

पेट्रोलमध्ये विजेची मोटार चालते हे ऐकून आमच्या मंडळींच्या पोटात गोळा आला. पण जळायला पेट्रोलच्या वाफेबरोबर योग्य प्रमाणात हवा लागते. वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच ती पेट घेते. पंपाच्या आत हवाच नसते, आणि टाकीतली वाफ बहुधा या मर्यादेच्या पुष्कळ वर असते. धोका असतो तो टाकी उघडल्यावर, म्हणजे हवा आत शिरल्यावर. तिकडे पुढे येऊच.

टाकी नेहमी तळाला ठेवून गाडी हाकणाऱ्यांनी मात्र एवढे ध्यानात धरावे की पंपाचे अंथरूण-पांघरूण पेट्रोलच आहे. ते कमी झाले की पंप तापतो, आणि घाटात किंवा वळणावर पेट्रोल एका बाजूला गेले की हवा ओढतो. हाय-फ्लो पंप जास्त वीज खातो, म्हणून जास्त तापतो. त्याच्यासाठी पाव टाकी ही शेवटची रेघ समजावी.

पहिला प्रश्न : किती?

हा हिशेब पाचवीतला मुलगाही करील. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना एका अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल जाळते असे धरतात. टर्बो नसलेल्या इंजिनाला थोडे कमी, २२५ ग्रॅमच्या आसपास पुरते. आमच्या पुतण्याची गाडी २४० अश्वशक्तीची. म्हणजे ताशी सुमारे ६५ किलो. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. एका लिटरचे वजन साधारण पाऊण किलो. तेव्हा झाले ताशी ८६ लिटर.

आता यात इथेनॉल मिळवायला हवे. २०२३ च्या फेब्रुवारीत देशात वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विकायला प्रारंभ झाला आणि २०२५ साली देशाने मिश्रणाची ती पातळी गाठली. इथेनॉलमध्ये प्राणवायू आधीच असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. साध्या पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, तर शुद्ध इथेनॉलला फक्त नऊ. उलटून पाहिले तर तेवढ्याच हवेला इथेनॉल जास्त घालावे लागते. वीस टक्के मिश्रणाला हे प्रमाण साडेतेराच्या जवळ येते. म्हणजे पंपाचे काम साधारण आठ टक्क्यांनी वाढले. शर्यतीसाठी ८५ टक्के इथेनॉल वापरणारे हौशी असतात. त्यांना तर चाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त पुरवठा धरावा लागतो. साध्या पेट्रोलवर नेमका पुरणारा पंप तिथे तोंडघशी पडतो.

हे इथेनॉल येते कुठून? त्यातले काही उसापासून. आम्ही दिवाळी आटोपून पुण्याला परत निघालो, तेव्हा ऊसतोडीची बिऱ्हाडे पश्चिमेकडे चालली होती. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, लहान मुले आणि वर बसलेले आईबाप. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे अशी निघतात. आपल्या टाकीतल्या प्रत्येक पाच लिटरांत एक लिटर जिचे, त्या इथेनॉलमागे कोयता कुणाचा चालला, हे त्या रस्त्यावर डोळ्यांना दिसते.

असो. ८६ वर आठ टक्के म्हणजे ९३. पंप जुना होतो, जाळी थोडी तुंबते, म्हणून वर वीस टक्के राखीव. बेरीज झाली ताशी सुमारे ११२ लिटर. एवढीच गरज! आणि पुतण्या ४५० लिटरचा पंप मागवायला निघाला होता.

दुसरा प्रश्न : किती उंच?

शेतकरी याला 'हेड' म्हणतो, मोटारवाला 'प्रेशर' म्हणतो. गोष्ट एकच. पंधरा फुटांवर धो धो पाणी टाकणारी मोटार दीडशे फुटांवर मुतखड्याच्या रोग्यासारखी थेंब थेंब टाकते. पेट्रोलच्या पंपाचेही तसेच. दाब वाढला की पुरवठा घटतो.

टर्बोच्या गाडीत हा दाब स्थिर नसतो. टर्बो जेव्हा इंजिनात हवा कोंबतो, तेव्हा तीच हवा इंजेक्टरच्या तोंडाशी उलटी दाबत असते. तिच्यावर मात करायला पेट्रोलचा दाब तितकाच वाढवावा लागतो, आणि रेग्युलेटर तो वाढवतो. मूळचा दाब तीन बार, टर्बोचा सव्वा बार, एकूण सव्वाचार बार. पाण्याच्या भाषेत सांगायचे तर सुमारे १४० फूट उंच चढवणे! गंमत अशी की इंजिनाला सर्वांत जास्त पेट्रोल लागते त्याच क्षणी पंपाची चढण सर्वांत खडी असते. घाटात ट्रक ओलांडताना नेमका हाच क्षण होता.

म्हणून खोक्यावरचा एकटा आकडा पाहून पंप घेऊ नये. चांगला बनवणारा प्रत्येक पंपाचा आलेख देतो : अमुक दाबाला, अमुक व्होल्टेजला इतके लिटर. त्या आलेखावर आपला दाब शोधावा आणि तिथला आकडा वाचावा. आलेखच मिळत नसेल, तर तो पंप घेऊ नये. नावाजलेल्या पंपांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. वॉल्ब्रोचा २५५ लिटरचा पंप जगभर इतका लोकप्रिय झाला की त्याच्या हुबेहूब दिसणाऱ्या नकला गल्लोगल्ली निघाल्या. फार स्वस्त मिळत असेल तर शंका घ्यावी आणि अधिकृत विक्रेत्याकडूनच पावतीसह घ्यावा.

तिसरा प्रश्न : व्होल्टेज किती?

इथे मिस्त्रींनी आम्हाला खरे गुरुपद दाखवले. पंपाची जोडणी मागच्या सीटखाली होती. सीटवरचे फराळाचे डबे उतरवून ठेवले. मिस्त्रींनी इंजिन चालू करायला सांगितले आणि आपला मीटर आधी बॅटरीला लावला : १३.९ व्होल्ट. मग पंपाच्या जोडणीला लावला : ११.३.

"वाटंतच अडीच व्होल्ट खाल्ले की हो! ही तार बघा, करदोड्याएवढी. डीपीपासून बारीक वायर ओढली तर शेतात मोटार फिरती, पण पाणी येत न्हाई. तसंच हे."

पंपांचे आलेख बहुधा साडेतेरा व्होल्टवर काढलेले असतात. व्होल्टेज बारावर आले तर पुरवठा पंधरा-वीस टक्क्यांनीही घटतो. अकरावर आले तर विचारूच नका. मूळ गाडीची तार मूळ पंपापुरती असते. हाय-फ्लो पंप तिच्यातून किती तरी जास्त प्रवाह मागतो. तार तापते आणि व्होल्टेज पडते. अशा तारेवर पुतण्याने ४५० चा पंप लावला असता, तर त्याने आणखी प्रवाह ओढला असता आणि व्होल्टेज आणखी पडले असते. रोग तोच, औषधाने वाढलेला!

इलाज साधा आहे. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड तार आणायची, रिलेमार्फत पंपाला द्यायची, आणि अर्थिंगची तारही तितकीच जाड ठेवायची. बॅटरी आणि पंप यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक राहू नये.

पुतण्याने विचारले, "मामा, टाकी उघडून पंप बघता का?" मिस्त्रींनी हात जोडले. "पाण्यातली मोटार काढतो साहेब, पेट्रोलातली न्हाई. घरात दिवे लावलेत, पोरं फटाके उडवायलीत. ज्याचं त्यानं करावं." आपल्याला काय येत नाही हे सांगणारा कारागीर मिळणे ही मोठ्या भाग्याची गोष्ट आहे.

टाकी उघडली तेव्हा

पुण्यापर्यंत पुतण्याने गाडी अगदी हळू, टर्बो जागा न करता आणली. तिथे एका जाणत्या मेकॅनिककडे टाकी उघडली. मोकळ्या अंगणात, बॅटरी सोडून, जवळ अग्निशामक ठेवून. हे काम बंद गॅरेजमध्ये किंवा घरच्या पार्किंगमध्ये कुणी हौसेने करू नये.

आत पाहिले तर आणखी एक गोष्ट निघाली. पंपापासून वर येणारा चार बोटांचा रबरी नळीचा तुकडा फुगून मऊ झाला होता, आणि क्लॅम्पजवळ त्याला चीर गेली होती. पंप ढकलत असलेले पेट्रोल त्या चिरेतून टाकीतल्या टाकीतच पडत होते. बाहेर एक थेंब नाही, वास नाही, कळणार कसे? पंप बसवणाऱ्याने तिथे बाहेरची साधी पेट्रोलची नळी वापरली होती. पेट्रोलात पूर्ण बुडून राहायला निराळी नळी लागते. तिच्यावर 'तीस आर दहा' असा दर्जा छापलेला असतो. साधी नळी आतून पेट्रोल सोसते, बाहेरून सोसत नाही.

पंप? तो अस्सल होता. मेकॅनिकने तो साडेतेरा व्होल्टवर, सव्वाचार बार दाबाला तपासला. आमच्या ११२ लिटरच्या गरजेपेक्षा तो पुष्कळ जास्त देत होता. नळी, जाळी आणि तार बदलली, काम झाले. नवा पंप घ्यावाच लागला नाही.

मी विचारले, "पण मोठा पंप असला तर बिघडते कुठे? जास्त झाले तर परत जाईल."

"तसेच नाही," मेकॅनिक म्हणाला. "साधा प्रवास करताना ही गाडी ताशी सहा-सात लिटरच पिते. बाकी सगळे पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत फिरत राहते. पंप फार मोठा असला तर परतीची नळी आणि रेग्युलेटर यांना तो लोंढा पेलत नाही, उभ्या गाडीत दाब वाढतो, आणि फिरून फिरून पेट्रोल तापते." ज्या गाड्यांना परतीची नळीच नसते, किंवा पंपाचा वेग संगणक ठरवतो, त्यांत तर पंप त्या संगणकाशी जुळतो की नाही हे आधी विचारायला हवे. आणि अलीकडच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत टाकीतला पंप केवळ पुरवठादार असतो. खरा दाब, दीडशे-दोनशे बार आणि त्याहून अधिकही, इंजिनावरचा दुसरा पंप देतो. तिथे तोच अपुरा असेल, तर टाकीतला पंप बदलून पैसे पाण्यात.

उपाशी इंजिनाचे काय होते तेही त्याने दाखवले. त्याच्या फळीवर दुसऱ्या कुणाच्या गाडीचा एक पिस्टन होता. मेणबत्तीसारखा एका कडेने वितळलेला. पूर्ण जोरात असताना पेट्रोल कमी पडले की इंजिनात ठोके बसू लागतात, उष्णता बेसुमार वाढते आणि काही सेकंदांत हे होते. म्हणून शक्ती वाढवलेल्या गाडीला पेट्रोलचा दाब आणि हवेचे प्रमाण दाखवणारे मीटर आधी लावावेत, मग टर्बोला हात घालावा.

रस्ता आणि शर्यत

शेवटची गोष्ट पंपाची नाही, पण ती सांगितल्याशिवाय लेख पुरा व्हायचा नाही. मोटारीत उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा वेगळे फेरफार करता येत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत दिला. विमा कंपनीही असे फेरफार लपवले तर दावा नाकारू शकते. वेगाची हौस भागवायला जागा आहेत. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला धावपट्टा आहे, आपल्याकडे लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर सरळ रेषेतल्या शर्यती झालेल्या आहेत. मराठवाड्यालाही वेगवान मोटारी नव्या नाहीत. स्कोडा कंपनीने २००१ साली शेंद्र्याला कारखाना काढला आणि पुढे तिथूनच टर्बो पेट्रोलची ऑक्टेव्हिया आर. एस. रस्त्यावर आली. तिचे भक्त आजही आहेत.

पुतण्याशी मी यावर वाद घातला नाही. घाटातली ती पाच मिनिटांची शांतता त्याने माझ्याइतकीच ऐकली होती. त्याने आपण होऊन गाडीचा संगणक आणि टर्बो मूळ स्थितीत आणून घेतले. काढलेला मोठा टर्बो कपाटात कागदात गुंडाळून ठेवला आहे; कधीतरी शर्यतीसाठी निराळी गाडी करायची म्हणतो. करील तेव्हा करील. जाड तार आणि नवी नळी मात्र तशीच राहू दिली.

यंदा पुन्हा धर्मापुरीला निघायचे आहे. परवा त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, बीडला थांबून टाकी भरून घेऊ, मग घाट चढू. आणि मिस्त्रीमामांसाठी पुण्याहून काय न्यावे?"

मी म्हटले, "चांगला मीटर ने. त्यांच्या मीटरची काच फुटली आहे."

नातीने मधेच फोन घेतला आणि विचारले, "आजोबा, या वेळी गाडी जेवली का?"